ताट कितीला?

कागद हाताच्या पंजाएवढा. वहीतून फाडलेला, निळ्या रेघांचा. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं : ताट २ – ५२०. जादा भाकरी २ – ४०. तूप – ५०. कांदा-लिंबू – ३०. पाणी २ – ६०. मग आडवी रेघ आणि ७००. त्याखाली जीएसटी ३५. एकूण ७३५. हॉटेलचं नाव नाही, तारीख नाही, कसला नंबर नाही. एका कोपऱ्याला तेलाचं बोट उमटलेलं. तो कागद मी पाकिटात जपून ठेवलाय. गेले काही महिने कुणाशी या विषयावर बोलायची वेळ आली की तो बाहेर काढते, आणि दर वेळी माझी नजर एकाच ओळीवर अडते. तूप – ५०.

ती ओळ इतकी का लागली, हे सांगायचं तर सकाळपासून सांगावं लागेल.

वैशाखातला दिवस होता. आईला नर्सी बघायची होती. तिचं वय चौऱ्याहत्तर. पंढरीची वारी तिने तरुणपणी केली, पण नामदेवांचं जन्मगाव राहिलं ते राहिलंच. नर्सी हिंगोलीपासून फार लांब नाही, कयाधूच्या काठावर आहे. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा नदीचं पात्र जवळजवळ कोरडं होतं आणि देवळात तुरळक माणसं होती. नामदेवांचा जन्म १२७० चा, शिंप्याच्या घरातला. वडील दामाशेटी, आई गोणाई. पुढे ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे शीख भाविक वाट वाकडी करून नर्सीलाही येतात. हे सगळं मी आईला सांगत होते. ती ऐकत होती, पण तिला यातलं काही नवं नव्हतं. तिच्याकडे तिचे नामदेव होते. नैवेद्य खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही म्हणून देवापुढे हट्ट धरून बसलेलं पोर, आणि मोठेपणी कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेला माणूस. कोरडी खाऊ नकोस रे देवा, थांब, तूप लावून देतो. ही गोष्ट तिने मला लहानपणी किती वेळा सांगितली असेल याचा हिशोब नाही. त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बसून तिने ती पुन्हा सांगितली, मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

तिथून औंढ्याला गेलो. औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग तळघरात आहे, अरुंद पायऱ्या बसत-वाकत उतराव्या लागतात. आईला ते जमेना, तिने वरूनच हात जोडले. मग देवळाला वळसा घालून मागच्या बाजूचा नंदी बघितला. नामदेवांच्या कीर्तनाला पुढे जागा दिली नाही म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, नंदी तेवढा जागच्या जागी राहिला, अशी कथा आहे. उन्हाने फरशी तापली होती. परत गाडीत बसलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि आईच्या पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं.

ते हॉटेल जिल्ह्यातल्याच एका मोठ्या रस्त्यावर होतं. कुठल्या ते सांगत नाही, कारण तसली हॉटेलं आता सगळ्याच रस्त्यांना झालीत. सहा-सात टेबलं, वर पत्रे, पुढे फ्लेक्स : ‘घरगुती जेवण, चुलीवरची भाकरी’. फ्लेक्सवर नऊवारीतली बाई चुलीपुढे बसलेली. आत चूल दिसली नाही. भावाचा फलकही दिसला नाही. एक पोरगा आला. मी विचारलं, जेवायला काय आहे? तो म्हणाला, “ताट हाय, त्यात सगळं येतं.” कितीला, हे मी विचारलं नाही. ही माझी चूक आणि ती मला मान्य आहे.

पोऱ्याने पाण्याच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यांची झाकणं फोडली. मग ताटं आली. कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वरण, मूठभर भात, ठेचा. वांग्यावर बोटभर तेलाचा थर, खाली वांगी कच्ची. वरण पाण्यासारखं आणि नुसतं पिवळं. हळदीच्या जिल्ह्यात मी बसले होते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. चांगल्या हळदीचा वास फोडणीत पडल्या पडल्या येतो. या वरणाला वास म्हणून नव्हता.

पण भाकरीचं सांगायला हवं. ज्वारीची भाकरी ताजी आहे की नाही हे बघायला चव घ्यावी लागत नाही, हातात धरली की कळतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवतात, तळहाताने रगडून रगडून मळतात, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळतात. परातीत थापून तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी तव्यावरून काढून विस्तवाशी लावायची. मग ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. हे सगळं झाल्यावर ती पाव तासात खायची असते, कारण गार झाली की तिच्यातला ओलावा जातो आणि कडा वातड होतात. आमच्या ताटातल्या भाकरीला पापुद्रा नव्हता, विस्तवाचा डागही नव्हता. ती सकाळी केलेली होती आणि पुन्हा तव्यावर ठेवून आणलेली होती. आईने एक तुकडा मोडायला घेतला तर तो वाकला, तुटला नाही. तिचे पुढचे दात गेलेत. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि पोऱ्याला म्हणाली, “बाळा, जरासं तूप असलं तर आण बरं. कोरडी गिळत नाही.”

चमचाभर तूप आलं, स्टीलच्या वाटीत. त्याचे पन्नास रुपये लागतील हे पोऱ्या बोलला नाही. बहुधा त्याला तसंच शिकवलं असावं. जादा भाकरीही आम्ही मागितल्या नव्हत्या. “गरम आणू का?” असं त्याने विचारलं आणि मला वाटलं, आधीच्या गार निघाल्या म्हणून बदलून देतोय.

गल्ल्यावर मी विचारलं, हे एवढं कसं? मालक तिशीचे असतील. आवाज चढवला नाही, उर्मटही नव्हते. म्हणाले, “ताई, हायवेला सगळीकडं हाच रेट हाय.” मी तुपाचं विचारलं. ते म्हणाले, “तूप ताटात नसतं.” जीएसटीचा नंबर विचारला तेव्हा मात्र त्यांनी माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाईकाकडे बघायला सुरुवात केली. मी वाद घातला असता. मागे वळून पाहिलं तर आई उरलेली दीड भाकरी रुमालात बांधत होती. भाकर टाकू नये, एवढंच ती म्हणाली. मी पैसे दिले.

गाडीत बसल्यावर मला राग आला तो आधी स्वतःचा. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला मी भाव विचारते, रिक्षात बसण्याआधी विचारते, शिंप्याला विचारते. ताटावर बसताना का विचारत नाही? याचं उत्तर मला आमच्या घरात सापडतं, आणि बहुतेकांना त्यांच्या त्यांच्या घरात सापडेल. जेवायला बसलेल्याने किंमत विचारू नये आणि वाढणाऱ्याने मोजू नये, हे आपल्यात इतकं मुरलंय की पैसे देऊन जेवतानाही तो संकोच सुटत नाही. त्यातून बरोबर म्हातारं माणूस, ऊन, भूक. जेवणावरून भांडणं वाईट दिसतं. काही लोकांचा धंदा आपल्या याच संकोचावर उभा आहे.

आणि हा तर असा जिल्हा आहे, जिथे रस्त्यावरच्या माणसाला जेवू घालणं लोकांच्या अंगवळणी पडलंय. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, औंढा, जवळा बाजार करत याच जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जाते. गावोगाव पंगती बसतात. आषाढी करून परतणारे वारकरी वद्य एकादशीला नर्सीला येतात, तिला परतवारी म्हणतात, त्या दिवशी वाटेवरच्या गावांत फराळाची पातेली रस्त्याकडेला मांडलेली असतात. अन्नदान आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. हॉटेलवाल्याने फुकट वाढावं असं कुणी म्हणत नाही. पण त्याच रस्त्यावर, त्याच मातीत, तहानलेल्याला न विचारता बाटलीचं झाकण फोडून द्यायचं आणि मग तिचे तीस लावायचे, हे कुठून आलं?

हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून पुढचे दोन दिवस मी हिंगोलीत राहिले आणि वेगवेगळ्या हॉटेलांत, खानावळींत, ढाब्यांवर बसले. लोक मोकळेपणाने बोलले, फक्त नाव घालू नका म्हणाले.

एका ढाबेवाल्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. त्यांचं हॉटेल पूर्वी गावात, जुन्या रस्त्यावर होतं. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६१ झाला, रुंद झाला, गावांना बाहेरून वळण मिळालं. रस्ता चांगला झाला यात वाद नाही. पण गावातल्या हॉटेलांपुढून गाड्या जायच्या थांबल्या. मग ज्याला झेपलं त्याने बायपासला जागा भाड्याने घेतली. भाडं वेगळं, बोअरचं पाणी वेगळं, विजेचं बिल धंद्याच्या दराने, गॅसची टाकी १९ किलोची व्यावसायिक. पोरं कामाला मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. खासगी ट्रॅव्हल्स थांबवायच्या तर ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण फुकट, वर पाकिटाची अपेक्षा. हा सगळा भार शेवटी कुणाच्या तरी ताटात पडतो.

“आन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगू का ताई,” ते म्हणाले, “गावात होतो तवा गिऱ्हाईक रोजचं होतं. मास्तर, तलाठी, बँकेतले लोक. भाजीत मीठ जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी ऐकवायचे. बायपासला आलेला माणूस पुन्हा येतच नाही. त्यो पुण्याचा, हैदराबादचा. त्याला कसंबी वाढलं तरी कोण इचारतंय?”

मला वाटतं, गाठ इथेच आहे. ताटाचा भाव सरकारने धरून ठेवलेला नसतो, तो उद्या पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाईकाने धरून ठेवलेला असतो. तीर्थक्षेत्री, महामार्गावर, बसथांब्यावर तो उद्याचा माणूसच नाही. एसटीने २०१६ मध्ये अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आणली आणि पुढे १५ रुपयांत लिटरभर ‘नाथजल’ द्यायला सुरुवात केली, ती याच दुखण्यावरची औषधं होती. आपल्या गाडीने फिरणाऱ्याला तेवढाही आधार नाही.

दुसरं कारण शेतातलं आहे. भाकरी हे इथलं रोजचं, गरिबाचं अन्न होतं. आजूबाजूच्या शिवारात ज्वारी असायची, धान्य माणसांना आणि कडबा जनावरांना. गेल्या दोन-तीन दशकांत खरिपात सोयाबीन पसरलं, पाणी असेल तिथे हळद आली, ज्वारी आक्रसली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखं सुंदर टपोरं वाण दिलं, पण पेरणारे कमी झाले. काढणीला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला घरात माणूस नाही. मग जे घरोघरी होतं ते फ्लेक्सवर गेलं. ‘चुलीवरची’ हा शब्द भाव चढवायला वापरला जाऊ लागला, चूल असो वा नसो. पिझ्झा महाग असला तर मला राग येत नाही, तो आमचा नव्हताच. भाकरी महाग आणि शिळी मिळते तेव्हा घरातलं काहीतरी विकलं गेल्यासारखं वाटतं.

ताटाचा वाजवी भाव किती, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९९५ साली एका रुपयात झुणका-भाकर निघाली, पुढे त्यातल्या कित्येक टपऱ्यांवर भलतंच विकलं जाऊ लागलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. तिच्यात मला आवडलं ते माप : ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाइकाने द्यायचे दहा रुपये, आणि ताटाची धरलेली किंमत शहरात ५०, ग्रामीण भागात ३५. ही रक्कम आज कुणाला परवडणार नाही, तेव्हाही केंद्रचालक कुरकुरत होते. पण निदान कुणीतरी ताट ग्रॅममध्ये मोजलं होतं आणि मोजलेलं लिहून ठेवलं होतं.

लिहून ठेवणं हेच तर हवंय. आमच्या त्या कागदाबद्दल मी जाणकारांना विचारलं आणि बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. साध्या हॉटेलला जेवणावर पाच टक्के जीएसटी लावता येतो, पण नोंदणी असेल आणि बिलावर नंबर असेल तरच. ज्याने छोट्या व्यावसायिकांसाठीची कंपोझिशन योजना घेतलीय त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. म्हणजे नंबर नसलेल्या कागदावरचे ते ३५ रुपये कराचे नव्हतेच. २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांकही हवा. मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पाण्याच्या बाटलीचं मात्र माझ्या मनात होतं त्याच्या उलट निघालं. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा, असं मी समजत होते. दुकानदाराला ते लागू आहे. पण बसवून वाढणाऱ्या हॉटेलांना नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तिथे आपण नुसती बाटली घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेतो, असं न्यायालयाचं म्हणणं. मोठ्या वातानुकूलित हॉटेलाच्या बाबतीत ते समजून घेता येतं. पत्र्याखालच्या टेबलाशी, जिथे साध्या पाण्याचा जग मुद्दाम ठेवलेला नसतो, तिथे ते माझ्या गळी उतरत नाही.

त्या जेवणाच्याच दिवशी संध्याकाळी मी मोंढ्यात गेले होते. हळदीचा हंगाम जोरात होता. कांडी वेगळी, गट्टू वेगळा, पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ, हमालांच्या बनियनी पिवळ्या. सौदा झालेल्या एका शेतकऱ्याने मला त्याची पट्टी दाखवली. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं ओळीने. त्याने ती दोनदा वाचली होती आणि तोलाईच्या एका आकड्यावरून आत जाऊन विचारूनही आला होता. मी त्याला माझा कागद दाखवला. त्याने तो वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, आणि विचारलं, “तुमी खायच्या आधी इचारलं नाही?”

त्यानेच खानावळ दाखवली. मोंढ्याच्या बाजूच्या बोळात, दोन खोल्यांची. चालवणाऱ्या काकू पन्नाशीच्या पुढच्या. आईला घेऊन तिथेच जेवायला बसलो. काकू भाकरी थापत होत्या, सून ताटं वाढत होती. स्टीलची ताटं. मुगाचं वरण, पातळ पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा न मागता. भाकरी तव्यावरून थेट ताटात, इतकी गरम की आईने पदराने धरली. पापुद्रा उचलून तिने आत बोट घातलं आणि वाफ बाहेर आली. काही बोलली नाही, पण दोन भाकरी खाल्ल्या. एरवी एक खाते.

मी काकूंना हिशोब विचारला. त्यांनी हात न थांबवता सांगितला. किलोभर पिठात त्यांच्या हाताने नऊ भाकरी होतात. “धा करता येत्यात, पण मग हमालाचं पोट भरत नाही.” ताट नव्वद रुपयांना, भात वाढीव फुकट, भाकरी तिसरीपासून पंधरा. गॅस, किराणा, खोलीचं भाडं जाऊन किती उरतं हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. ते फार नव्हतं. भाव वाढवायचा झाला तर महिनाभर आधी सांगतात, कारण महिन्याचे मेंबर आहेत. “रोजचं तोंड हाय माय. आज दोन रुपये जास्त लावले तर उद्या कोणतं तोंड दाखवू?”

आईने रुमाल सोडला. दुपारची दीड भाकरी तिने काकूंपुढे धरली आणि म्हणाली, ही जरा गरम वरणात कुस्करून द्याल का, टाकवत नाही. काकूंनी ती हातात घेतली, वाकवून बघितली, आणि आईकडे पाहिलं. काही विचारलं नाही. वाटीत कुस्करली, वर वरण ओतलं, बरणीतून तुपाची धार धरली. मी म्हटलं, काकू, तुपाचे वेगळे सांगा. त्या सुनेला म्हणाल्या, “ताईला पाणी दे गं.”

आम्ही उठत होतो तेव्हा दारात एक म्हातारा शेतकरी आला. डोक्याचं मुंडासं हळदीने पिवळं झालेलं. चप्पल काढली नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं, “ताट कितीला?”

काकूंनी पिठाचा हात वर करून भिंतीकडे दाखवलं. तिथे काळ्या पाटीवर खडूने ८० लिहिलेलं होतं, त्यावर काट मारलेली, शेजारी ९०, आणि खाली बारीक अक्षरात : १ एप्रिलपासून. म्हाताऱ्याने ते वाचलं. जरा वेळ तसाच उभा राहिला. मग कनवटीला हात लावून चाचपलं, चप्पल काढली आणि आत येऊन बसला.